मासा वर येतो, फ्लाय बघतो आणि परत जातो: नंबर कुठे चुकतोय?

संध्याकाळ, वारा पडलेला, आणि डोह संपून धार सुरू होते तिथे एक ट्राउट दर अर्ध्या मिनिटाला वर येऊन काहीतरी टिपतोय. तुम्ही फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेला नकली किडा, बरोबर त्याच्या वरच्या अंगाला टाकता. ती वाहत त्याच्या डोक्यावर येते. मासा तिच्याकडे उचलला जातो, नाक तिच्याखाली धरून हातभर मागे मागे सरकतो आणि न शिवताच खाली जातो. पुढच्याच मिनिटाला शेजारचा खरा किडा गट्ट. तुम्ही करडी काढून तपकिरी लावता, तपकिरी काढून ऑलिव्ह. अंधार पडतो तेव्हा टोपीवर आठ-दहा ओल्या फ्लाय टोचलेल्या असतात आणि मासा होता तिथेच असतो.

ही तक्रार दर हंगामात ऐकू येते, आणि शब्दसुद्धा तेच: "मासे खातायत, फक्त माझी सोडून सगळं खातायत." मी स्वतः कितीतरी संध्याकाळी अशा घालवल्या आहेत. उत्तर बहुतेक वेळा डबीतच असतं, फक्त आपण रंगांच्या कप्प्यात शोधत बसतो आणि ते मापाच्या, म्हणजे गळाच्या नंबराच्या, कप्प्यात असतं. पण "लहान लावा" एवढं सांगून मोकळं होता येत नाही. हेच लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसतं, आणि काही वेळा उपाय अगदी उलटा, म्हणजे मोठी फ्लाय लावणं हा असतो.

नकार कसा मिळाला ते आधी बघा

शेवटच्या क्षणी वळलेला मासा ही खरं तर चांगली बातमी. लांबून त्याला फ्लाय पटली होती, नाहीतर तो जागेवरून उठलाच नसता. जवळ आल्यावर काहीतरी खटकलं. ते काहीतरी म्हणजे सहसा दोनांतलं एक: फ्लाय पाण्यापेक्षा वेगळ्या वेगाने चालली होती, किंवा ती मोठी होती. रंगाचा नंबर त्यानंतर.

मासा ढिम्म हललाच नाही, तर मापाचा विचार इतक्यात नको. भरपूर किडे वाहत असतात तेव्हा ट्राउट आपल्या रेषेतून वीतभरसुद्धा बाजूला होत नाही. त्याला गरजच नसते. फ्लाय त्या रेषेतून गेली का, हे आधी बघा. तीन-चार वेळा नेमकी डोक्यावरून गेली आणि तरी काही नाही, मग पुढचं.

पाणी उडालं, फ्लाय हलली, पण गळ रुतला नाही, हे एकदा झालं तर सोडून द्या. तीन-चारदा झालं तर दोन शक्यता. एक, तुम्ही घाईने रॉड उचलताय. दुसरी, माशाने ऐनवेळी तोंड मिटलं. म्हणजे शेवटच्या क्षणीच वळला, फक्त त्याचा वेग जास्त असल्यामुळे तुम्हाला ते खाल्ल्यासारखं वाटलं.

आणि एक फसवा प्रकार: माशाची पाठ आणि शेपटीचं टोक दिसतं, पण तोंड पाण्याबाहेर येत नाही, बुडबुडाही उरत नाही. हा मासा पृष्ठभागावरचं खातच नाहीये. तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली, वर येऊ पाहणारे किडे खातोय. इथे ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी, मोठी १४ नंबरची लावा नाहीतर बारीक २२ची, फरक पडणार नाही. त्याच मापाची इमर्जर, म्हणजे अर्धी पाण्यात बसणारी फ्लाय, लावा, किंवा कात्रीने ड्राय फ्लायच्या खालच्या बाजूची पिसं सपाट कापा, म्हणजे तिचं अंग पाण्यात बसेल.

माप बदलण्याआधी एक परीक्षा

फ्लायच्या शेजारून वाहणारा फेसाचा एखादा बुडबुडा पकडा, म्हणजे नजरेने. फ्लाय आणि बुडबुडा शेवटपर्यंत सोबत राहिले पाहिजेत. बुडबुडा पुढे गेला किंवा मागे राहिला तर ड्रॅग आहे, म्हणजे दोरी फ्लायला ओढतेय. फ्लायमागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटते तो मोठा ड्रॅग कोणालाही कळतो. घात करतो तो बोटभर सरकण्याइतका बारीक ड्रॅग, जो पंधरा मीटरवरून तुम्हाला दिसत नाही आणि पंधरा सेंटिमीटरवरून माशाला दिसतो. शक्य असेल तर जागा बदला: दोन पावलं वर, किंवा चार पावलं जवळ. तीच फ्लाय, तोच मासा, आणि पुढच्या वाहण्यात तो ती घेतो, असं इतक्यांदा झालंय की आता मी फ्लाय कापण्याआधी पाय हलवतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. "लहान फ्लाय लावली आणि लगेच मासा लागला" या गोष्टींतल्या कितीतरी गोष्टींत श्रेय मापाचं नसतंच. लहान फ्लायला आपण आपोआप बारीक टिपेट (दोरीचा शेवटचा, सगळ्यात बारीक तुकडा) बांधतो, आणि बारीक टिपेटमुळे ड्रॅग जातो. त्यामुळे मी कधीकधी उलटं करून बघतो. फ्लाय तीच ठेवतो, टिपेट बदलतो. मासा लागला तर माप बरोबरच होतं.

हिशेब सोपा आहे. टिपेटच्या जाडीच्या मापात शून्य एक्स म्हणजे इंचाचा ११ हजारांश भाग, आणि प्रत्येक एक्समागे एक हजारांश कमी. म्हणजे ५ एक्सला ६ हजारांश उरतात (साधारण ०.१५ मिमी), ६ एक्सला ५ (०.१३ मिमीच्या आत), ७ एक्सला ४ (०.१० मिमी). एक हजारांश इंच ऐकायला काहीच नाही. पण दोऱ्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे ५ एक्सवरून ६ एक्सवर गेलात तर ताठपणा जवळपास निम्मा होतो. ताकद मात्र, एकाच प्रकारचा दोरा असेल तर, तीसेक टक्केच घटते. सौदा फायद्याचा आहे. बारीक टिपेट जवळ नसेल तर आहे तेच लांब करा. साठ सेंटिमीटरच्या जागी नव्वद किंवा मीटरभर. लांब टिपेट वेटोळ्यांत पडतं, आणि ती वेटोळी उलगडेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते.

कोणत्या नंबराला कोणतं टिपेट, यासाठी फ्लायचा नंबर भागिले तीन हा जुना आडाखा अजून चालतो: १२ नंबरला ४ एक्स, १८ला ६ एक्स. हल्लीचे दोरे मजबूत असल्याने फार बारीक जाण्याची गरज पूर्वीइतकी पडत नाही, आणि मासे मोठे असतील तर काहीजण चारने भागतात. मी २० नंबरला ६ एक्स बांधतो आणि झोपही लागते. उलट बाजूने चूक केली, म्हणजे ८ नंबरच्या झुपकेदार फ्लायला ६ एक्स बांधलं, तर हवेत ती भिंगरीसारखी फिरते आणि टिपेटचा पीळ सोडवण्यात संध्याकाळ जाते.

आता नंबराची भानगड

ड्रॅग नाही, रेषा बरोबर, तरी मासा वळतोय. मग माप.

गळांचे नंबर उलटे चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं: आकडा मोठा तितका गळ लहान. ट्राउटसाठी बहुतेक सम आकडेच मिळतात, ४, ६, ८ पासून २४, २६ पर्यंत. एकाच्या पलीकडे मोठ्या गळांसाठी तिरकी रेघ आणि शून्य येतं, पण ते आपल्या कामाचं नाही. ही पद्धत इंग्लंडातल्या रेडिच गावावरून आली. ते गाव सुयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं, आणि सुया करणारेच गळही करू लागले. गळाच्या डोळ्याला मी सुईसारखंच नेढं म्हणतो, ते काही अगदीच चुकीचं नाही.

घोटाळा असा आहे की हा आकडा नेमकं काय मोजतो यावर गळ बनवणाऱ्यांचं एकमत नाही. साधारणपणे तो गळाच्या तोंडाशी, म्हणजे टोक आणि दांडा यांच्यातल्या अंतराशी बांधलेला असतो. दांड्याची लांबी वेगळी सांगतात: "२ एक्स लाँग" म्हणजे तोंड या नंबराचं, पण दांडा याहून मोठ्या गळाचा. "शॉर्ट" म्हणजे याच्या उलट. त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे साचे वेगळे. परिणामी एकाच कप्प्यात "१६" लिहिलेल्या तीन फ्लाय ठेवल्या तर तिघींच्या अंगाची लांबी तीन तऱ्हांची असू शकते. मासा पाकिटावरचा आकडा वाचत नाही, तो लांबी आणि जाडी बघतो.

म्हणून एक काम घरी बसून करा. डबीतल्या प्रत्येक नंबराची एकेक फ्लाय पट्टीवर धरा आणि गळाचा नव्हे, बांधलेल्या अंगाचा आकडा मिलिमीटरमध्ये डबीच्या झाकणावर लिहा. साध्या दांड्याच्या ड्राय फ्लायमध्ये १२ नंबर साधारण १० मिमीच्या आसपास, १६ नंबर ७ च्या आसपास आणि २० नंबर ५ च्या आतबाहेर येतो. तुमच्या डबीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक निघेल, आणि तोच तर कळायला हवा.

एका पायरीने काय होणार, असंही वाटतं. १६ची १८ केली तर लांबी जेमतेम एक मिलिमीटर कमी. पण सात मिलिमीटरचं सहा झालं की लांबी, रुंदी, जाडी तिन्ही घटतात आणि एकूण आकारमान पस्तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतं. शेजारून शंभर किडे एकाच मापाचे वाहत असताना त्यांच्यातली दीडपट फुगीर वस्तू ओळखायला मासा हुशार असावा लागत नाही.

त्यातून तो बघतो तेही अगदी जवळून. पाण्याखालून वर बघताना, प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे, माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. बाकी पृष्ठभाग आरशासारखा. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोनपट. तीस सेंटिमीटर खाली असलेल्या माशाची खिडकी ६८ सेंटिमीटरची, आणि दहा सेंटिमीटर खाली तरंगणाऱ्याची अवघी २३ सेंटिमीटरची. फ्लाय खिडकीत येण्याआधी त्याला फक्त आरशावर पडलेले खळगे दिसतात, किड्याच्या पायांनी किंवा फ्लायच्या पिसांनी पाडलेले. त्या खळग्यांच्या घेरावरून माप बरंचसं ठरतं. त्यामुळे अंग बरोबर पण पिसांचा घेर मोठा असेल, तरी फ्लाय मोठीच. काठावरच्या काठावर पिसं आणि शेपूट कात्रीने छाटून अर्धा नंबर कमी करता येतो. मी केलेल्या दुरुस्त्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली हीच.

किडा हातात घ्या

आपण किड्याचं माप उडताना बघून ठरवतो, आणि तिथेच सगळे फसतात. उडणारा मेफ्लाय, म्हणजे नदीत वाढणारा एक नाजूक किडा, पंख, शेपट्या, पाय पसरून उडतो. सूर्य मागे असेल तर पंख चमकून आणखी मोठा दिसतो. कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याचे पंख तर घराच्या छपरासारखे अंगाच्या मागे बरेच पुढे आलेले असतात. गळाशी जुळवायचं असतं ते अंग, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा जवळजवळ नेहमीच एक-दोन नंबरांनी लहान निघतं.

मला हे एका करड्या, पावसाळी दुपारी कळलं. छोट्या ऑलिव्ह मेफ्लायचे पुंजके पाण्यावरून चालले होते, मी १६ नंबर लावून दीड तास मार खाल्ला. शेवटी वैतागून टोपी उलटी करून पाण्यात बुडवली आणि एक किडा त्यात आला. डबीतल्या १६ नंबरच्या शेजारी ठेवला तर तो तिचं पिल्लू दिसत होता. २०ही किंचित मोठीच होती. रंग मात्र मी सुरुवातीपासून बरोबर लावला होता.

तेव्हापासून खिशात मच्छरदाणीच्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा असतो. दोन काड्यांना बांधून प्रवाहात धरला की दोन मिनिटांत नदी स्वतःच सांगते. वर काही दिसत नसेल तर दगड उलटवा (आणि परत तसाच ठेवा). दगडाखाली एकाच जातीच्या निम्फ, म्हणजे किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या मापाच्या मिळतात. त्यांतल्या ज्यांच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या आहेत त्या आज-उद्या वर येणार आहेत. माप त्यांचं घ्या, बाकीच्यांचं नको.

डोळ्यांना मदत म्हणून काही ढोबळ माप लक्षात ठेवावीत. मिज म्हणजे चिलटाएवढे किडे, १८ ते २६. बेटिस जातीचे ऑलिव्ह मेफ्लाय १६ ते २२, आणि त्यातही वसंतात येणारे मोठे, शरदातले लहान, कारण शरदातल्या पिढीला वाढायला हिवाळाभराचा वेळ मिळालेला नसतो. मार्च-एप्रिलसारख्या हंगामात चाललेली १६ नंबर शरदात त्याच पाण्यात नाकारली जाते याचं कारण हेच. कॅडिस १२ ते १८. मोठ्या स्टोनफ्लाय ४ ते ८. मुंग्या १४ ते २०, भुंगेरे १२ ते १६, नाकतोडे ६ ते १२. केनिस नावाचा पांढुरका इवलासा मेफ्लाय २० पासून खाली, आणि त्याला ब्रिटनमध्ये "गळ टाकणाऱ्यांचा शाप" म्हणतात ते उगाच नाही.

दोन जातींचे किडे एकाच वेळी निघत असतील तर सावध. आपली नजर मोठ्यांवर जाते, मासा मात्र अनेकदा लहान खात असतो, कारण ते संख्येने जास्त असतात आणि पटकन उडून जात नाहीत. मोठा किडा माशाच्या डोक्यावरून बिनबोभाट निघून जातोय का, ते नुसतं पाच मिनिटं बसून बघा. पाच मिनिटं न टाकता बसणं फार जड जातं, हे मान्य.

लहान लावली, आता वेगळ्याच अडचणी

पहिली अडचण दिसण्याची. २० नंबर वीस पावलांवर खळाळत्या पाण्यात दिसत नाही, तरुण डोळ्यांनाही नाही. पुढे १४ नंबरची ठळक ड्राय फ्लाय बांधा आणि तिच्या गळाच्या वाकातून चाळीस-पन्नास सेंटिमीटर टिपेटवर लहान फ्लाय सोडा. मोठीच्या आसपास कुठेही मासा उठला की हलकेच रॉड उचला. कधीकधी मासा मोठीलाच लागतो आणि आपली सगळी थिअरी पाण्यात जाते.

दुसरी, गळ रुतत नाही. लहान गळाचं तोंड मुळात बारीक, त्यात अंग जाड बांधलेलं असेल तर टोकाला रुतायला जागाच उरत नाही. विकत घेतलेल्या लहान फ्लायमध्ये हा दोष सर्रास असतो, आणि त्यांच्या नेढ्यात सुकलेलं वार्निशही असतं, तेही काठावर अंधुक उजेडात कळतं. स्वतः बांधत असाल तर १८ नंबरच्या गळावर २०च्या मापाचं अंग बांधा: दांड्याचा मागचा भाग उघडा सोडायचा. माशाला उघड्या तारेचं फारसं वावडं नसतं. तसं असतं तर वाक आणि टोक बघूनच तो पळाला असता. किंवा आखूड दांड्याचा, रुंद तोंडाचा गळ घ्या. २० आणि त्याखालच्या गळांचं टोक चिमट्याने किंचित, अगदी किंचित, एका बाजूला वळवलं तर पकड सुधारते. आणि रॉडचा झटका देऊ नका. नुसता उचला. बारीक टोक हलक्या हातानेही घुसतं, झटक्याने तुटतं ते टिपेट.

तिसरी अडचण गाठीची. २२ नंबरच्या नेढ्यात पाच वेढ्यांची गाठ म्हणजे फ्लायला दुसरं डोकं फुटल्यासारखं दिसतं. बारीक टिपेटवर वेढे कमी चालतात, पण गाठ थुंकी लावून सावकाश आवळा आणि ओढून बघा.

मोठी लावायची कधी

लहान, आणखी लहान, या नादात एक वेळ अशी येते की पाण्यावर किड्यांचा सडा पडलेला असतो. चौरस फुटात वीस-वीस. मासा पद्धतशीर तोंड उघडतो आणि मिटतो. तुमची फ्लाय मापाला, रंगाला तंतोतंत असली तरी ती लाखातली एक, आणि नंबर लागायची शक्यता लॉटरीइतकीच. इथे मी एक नंबर मोठी लावतो. किंवा मिज असतील तर ग्रिफिथ्स नॅट: मोराच्या पिसाचं अंग आणि त्यावर पुढून मागे गुंडाळलेलं करड्या ठिपक्यांचं कोंबड्याचं पीस. १९५९ साली स्थापन झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या अमेरिकेतल्या संवर्धन संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव तिला आहे. किडे २४-२६ नंबरचे असताना ही १८ची चालते, कारण ती एक किडा नसून एकमेकांना चिकटलेल्या मिजचा पुंजका वाटते, आणि असे पुंजके पाण्यावर खरोखर वाहत असतात. एका घासात पाच मिळत असताना एकासाठी तोंड कोण उघडणार?

खळखळत्या धारेतही मोठी चालते. तिथे माशाकडे निरखायला वेळ नसतो, अर्ध्या सेकंदात घ्यायचं की सोडायचं ठरवावं लागतं. पाणी गढूळ असेल, उजेड कमी असेल, तेव्हाही तेच. शांत, सपाट, काचेसारखं पाणी असेल तर उलट. एकाच नदीवर पन्नास पावलांच्या अंतरात मला १२ आणि २० अशा दोन्ही टोकांच्या फ्लाय लागल्या आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या.

पाण्याखाली नकार दिसत नाही

निम्फच्या, म्हणजे त्या पिल्लांची नक्कल करणाऱ्या बुडत्या फ्लायच्या, बाबतीत गंमत ही की मासा वळला हे कळतच नाही, फक्त काही घडत नाही. म्हणून इथे क्रम वेगळा लावावा लागतो: आधी खोली, मग वजन, मग माप. निम्फ तळाला अधूनमधून शिवत नसेल तर नंबर बदलणं म्हणजे अंधारात कपडे बदलण्यासारखं.

आणि माप लहान केलं की खोली आपोआप बिघडते, हे विसरलं जातं. वजन आकारमानावर अवलंबून असतं, पाण्याचा रोध पृष्ठभागावर. लहान वस्तूत रोध वजनाच्या मानाने जास्त, त्यामुळे ती सावकाश बुडते. १४ची निम्फ काढून १८ लावली, मासे थांबले, निष्कर्ष काढला की मासे १८ खात नाहीत. प्रत्यक्षात १८ तिथवर पोचलीच नव्हती. निम्फच्या डोक्याशी वजनासाठी बसवलेला मणी पितळेचा असेल तर टंगस्टनचा घ्या. टंगस्टनची घनता १९ च्या वर, पितळेची साडेआठच्या आसपास, त्यामुळे त्याच मापात दुपटीहून जास्त वजन मिळतं. फार मोठा मणी मात्र नको, तो गळाचं तोंड अडवतो आणि मग लागलेले मासे सुटतात. फ्रँक सॉयर हे इंग्लंडातल्या एव्हन नदीचे रखवालदार; त्यांनी आपली फेझंट टेल निम्फ दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधली. मणी नाही, पाय नाहीत, सडपातळ अंग. ती लहान मापातही बुडते ती या दोन गोष्टींमुळे.

मी सहसा दोन निम्फ लावतो: वर १२ किंवा १४ची जड, खाली तीस-चाळीस सेंटिमीटरवर १८ची हलकी. जड निम्फ दोघींना खाली नेते. शिवाय तासाभरात मासेच सांगतात त्यांना कोणतं माप हवंय. तीन मासे ओळीने खालचीला लागले की वरची फक्त वजन म्हणून ठेवायची.

स्ट्रीमरबद्दल, म्हणजे छोट्या माशाची नक्कल करणाऱ्या लांब फ्लायबद्दल, थोडक्यात. मासा पाठलाग करून शेपटीला चिमटा काढतो आणि सुटतो, असं वारंवार होत असेल तर फ्लाय लांब आहे. शेपटीची पिसं कापून गळाच्या वाकाजवळ आणा. गढूळ पाण्यात मात्र मोठी आणि काळी ठेवा.

डबीत काय ठेवायचं

तीस प्रकारच्या फ्लाय एकेका मापात ठेवण्यापेक्षा पाच-सहा प्रकार चार-चार मापांत ठेवा. माझ्याकडे ॲडम्स ही करडी ड्राय फ्लाय, एक कॅडिस, एक ऑलिव्ह इमर्जर, एक काळी मिज, फेझंट टेल आणि मुंगी आहे. ॲडम्स १२ पासून २० पर्यंत, प्रत्येक नंबराच्या किमान तीन, कारण जी लागू पडते तीच झाडात अडकते. रंगाची गरज पडली तर मार्कर पेन आहे. माप मार्करने बदलत नाही.

आणि मासा वळला की मी आता हे असंच करतो: पाय हलवतो, टिपेट बघतो, मग एक नंबर खाली, पुन्हा नकार आला तर आणखी एक खाली. तिसऱ्यांदा नकार आला तर इमर्जर, त्याच मापात. एवढ्यावरही नाही झालं तर माशाला दहा मिनिटं सोडून देतो. टाकून टाकून सावध केलेल्या माशावर कोणताही प्रयोग करून काहीच कळत नाही.

एक शेवटची शक्यता थर्मामीटरने तपासा. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर ट्राउट मंदावलेला असतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि लागलेला मासा जपून सोडला तरी नंतर मरू शकतो. तेव्हा कोणताच नंबर लावू नका. रॉड आवरा, पहाटे पाणी थंड असताना परत या.